लॅपटॉपवर डेटाबेस बसेना : तुमचे अनुभव इथे लिहा

मी सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात डीबीएमएसची, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची, प्रात्यक्षिकं घेते. प्रयोगशाळेतल्या संगणकांवर सगळं नीट चालतं. खरी अडचण मुलं घरी जाऊन स्वतःच्या लॅपटॉपवर डेटाबेस टाकायला बसतात तेव्हा सुरू होते. रात्री फोनवर स्क्रीनचे फोटो येतात : लाल फुली, खाली 'फेल्ड', आणि 'मॅडम, आता काय करू?' तोपर्यंत कुणीतरी मित्राने सांगितलेलं असतंच, फॉरमॅट मार.

हा सल्ला ऐकला की मला फार वाईट वाटतं. बऱ्याच घरांत तो एकच लॅपटॉप असतो, हप्त्यावर घेतलेला. भावाबहिणीची कागदपत्रं, लग्नातले फोटो, मागच्या सत्राचा प्रोजेक्ट, सगळं त्यातच. आणि फॉरमॅट करूनही तोच एरर परत आला, की मुलाला वाटतं हा विषयच आपल्याला झेपणार नाही. अजून एक सिलेक्टसुद्धा (डेटा मागण्याची साधी आज्ञा) लिहिलेलं नसतं, आणि मन उतरलेलं असतं.

इन्स्टॉलरच्या खिडकीत फक्त 'बिघडलं' एवढंच कळतं. का बिघडलं, ते लॉगच्या, म्हणजे सॉफ्टवेअरने स्वतः केलेल्या नोंदींच्या, फाइलीत असतं, आणि ती उघडून पाहायची सवय आपल्याकडे कुणी लावतच नाही. म्हणून हा धागा. कोणतं सॉफ्टवेअर होतं, स्क्रीनवर काय दिसलं, खरं कारण कुठे सापडलं आणि शेवटी काय केलं, हे लिहा. अर्धवट सुटलेलंही चालेल.

सुरुवात मी करते. एका विद्यार्थिनीच्या लॅपटॉपवर पोस्टग्रेस या डेटाबेसचा इन्स्टॉलर उघडताच बंद व्हायचा. टेम्प या तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमध्ये लिहिता येत नाही, असा संदेश. अँटिव्हायरस बंद करून पाहिला, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवून पाहिला, काही फरक नाही. मग टेम्पचा पत्ता काढला आणि कारण समोर आलं. विंडोज पहिल्यांदा सुरू करताना तिने स्वतःचं नाव देवनागरीत लिहिलं होतं, त्यामुळे 'यूजर्स'च्या आतलं तिचं फोल्डरही देवनागरीत तयार झालं होतं. टेम्प त्याच्याच पोटात. काही इन्स्टॉलर अजूनही युनिकोडच्या आधीच्या वर्णसंचाने पत्ता वाचतात. देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात, आणि विंडोजमध्ये फाइलीच्या किंवा फोल्डरच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही. सी ड्राइव्हवर इंग्रजी अक्षरांत टेम्प नावाचं फोल्डर केलं, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये टेम्प आणि टीएमपी या दोन्हींना तोच पत्ता दिला, आणि इन्स्टॉलर सरळ शेवटपर्यंत गेला.

तिला मी नाव बदलायला सांगितलं नाही. आपलं नाव आपल्या लिपीत असावं ही तिची इच्छा रास्तच आहे.

नांदेड, बी.सी.ए. तिसरं वर्ष

मॅडम, माझं मायएसक्यूएल या डेटाबेसचं. कॉन्फिगरेशनमध्ये 'स्टार्टिंग द सर्व्हर'पाशी लाल फुली यायची. दुसऱ्या वर्षी पीएचपीसाठी झॅम्प हे तयार पॅकेज टाकलेलं होतं, ते विंडोजसोबतच सुरू व्हायचं. त्याच्या पॅनेलवर मायएसक्यूएल लिहिलेलं असतं, आत असतो मारियाडीबी हा दुसरा डेटाबेस, आणि तोही ३३०६ हाच पोर्ट (संपर्काचा क्रमांक) धरतो. कमांड प्रॉम्प्टवर नेटस्टॅट -एएनओ चालवलं, ३३०६ समोरचा प्रोसेस क्रमांक टास्क मॅनेजरमध्ये शोधला, तेव्हा हे समजलं. झॅम्पची सर्व्हिस थांबवली.

पण खरा त्रास त्यानंतर झाला. मधल्या काळात मायएसक्यूएल काढून परत टाकलं होतं, आणि नवीन पासवर्ड दिला तरी रूट, म्हणजे मुख्य यूजर, म्हणून आत घेईना. कंट्रोल पॅनेलमधून काढलं तरी डेटाचं फोल्डर तसंच राहतं. ते सी ड्राइव्हच्या 'प्रोग्रॅमडेटा'मध्ये असतं, आणि 'प्रोग्रॅमडेटा' लपवलेलं असल्यामुळे दिसत नाही. पासवर्ड त्या डेटातच साठवलेला असतो, म्हणून नवं सॉफ्टवेअरही जुनाच पासवर्ड मागतं. एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये 'हिडन आयटम्स'वर टिक केली की फोल्डर दिसतं. ते लगेच उडवू नका, आधी दुसरीकडे कॉपी करून ठेवा. माझ्या मित्राचे प्रोजेक्टचे टेबल त्यातच होते. कॉपी होती म्हणून ते परत मिळाले.

रत्नागिरी

आमच्याकडे फोनच्या हॉटस्पॉटवरच डाउनलोड करावं लागतं आणि मोठी फाइल मध्येच तुटते. ब्राउझर पूर्ण झालं म्हणतो, इन्स्टॉलर अर्ध्यावर 'करप्ट' म्हणतो. सर्टयूटिल -हॅशफाइल, पुढे फाइलीचं नाव, पुढे एसएचए२५६ असं लिहिलं की एक लांब आकडा मिळतो. डाउनलोडच्या पानावरच्या आकड्याशी तो जुळवायचा. जुळला नाही तर इन्स्टॉल करायला बसूच नका.

पुणे, पंधरा वर्षं डेटाबेसच्याच कामात

नवीन लॅपटॉप, विंडोज ११, आणि मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस बसत नाही, असं तुमच्या मुलांपैकी कुणी म्हणालं तर हे त्यांना वाचायला द्या. या एका कारणापायी मी लोकांना लॅपटॉप दुकानात परत करताना पाहिलं आहे.

सगळं नीट पुढे सरकतं, अगदी शेवटी 'वेट ऑन द डेटाबेस इंजिन रिकव्हरी हँडल फेल्ड' असा संदेश येतो. यावरून काहीच कळत नाही. संदेशाचा अर्थ एवढाच, की इंजिन सुरू होण्याची वाट पाहिली, ते झालं नाही. का झालं नाही, ते पाहायला 'प्रोग्रॅम फाइल्स'मधल्या 'मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हर' फोल्डरमध्ये जायचं. तिथे २०२२ आवृत्तीसाठी १६० आणि २०१९ साठी १५० नावाचं फोल्डर असतं, त्यात 'सेटअप बूटस्ट्रॅप', त्यात 'लॉग', त्यात समरी नावाची फाइल. समरीवरून कोणता घटक पडला ते कळतं. मग इन्स्टन्सच्या स्वतःच्या लॉग फोल्डरमधली एररलॉग ही फाइल नोटपॅडमध्ये उघडा. तिथे '२५६ मिसअलाइन्ड लॉग आयओज' अशी ओळ दिसली, तर तुमचा प्रश्न डिस्कच्या सेक्टरचा, म्हणजे डिस्क एका वेळी लिहिते त्या तुकड्याच्या आकाराचा, आहे.

एसक्यूएल सर्व्हर ५१२ किंवा ४०९६ बाइटच्या सेक्टरवर चालतो, त्याहून मोठ्यावर नाही. काही नव्या एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) डिस्क याहून मोठा सेक्टर सांगतात. विंडोज १० चा ड्रायव्हर तो आकडा झाकून ठेवत असे. विंडोज ११ मध्ये डिस्क सांगेल तो आकडा तसाच पुढे जातो. म्हणून त्याच लॅपटॉपवर जुन्या विंडोजमध्ये चाललेलं नव्या विंडोजमध्ये चालत नाही, आणि कितीही वेळा फॉरमॅट करून विंडोज ११ च टाकलं तर ते चालणारही नाही. खात्री करायची तर ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टवर एफएसयूटिल एफएसइन्फो सेक्टरइन्फो सी: चालवा. 'फिजिकल बाइट्स पर सेक्टर'च्या ओळींत १६३८४ किंवा ३२७६८ सारखा आकडा आला की निदान पक्कं.

उपाय मायक्रोसॉफ्टच्याच मदतपानांवर दिलेला आहे. रजिस्ट्रीमध्ये (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) सिस्टिम, करंटकंट्रोलसेट, सर्व्हिसेस, एसटीओआरएनव्हीएमई, पॅरामीटर्स, डिव्हाइस इथवर जायचं आणि 'फोर्स्डफिजिकलसेक्टरसाइझइनबाइट्स' नावाची मल्टी-स्ट्रिंग व्हॅल्यू करायची. तिच्यात लिहायचं : तारांकन, एक जागा सोडून ४०९५. चार हजार शहाण्णव नाही, पंच्याण्णवच. मग लॅपटॉप रीस्टार्ट. आधी रजिस्ट्रीचा बॅकअप घ्या. अर्धवट बसलेला एसक्यूएल सर्व्हर काढून टाका आणि पुन्हा टाका.

यात मुलाचं काही चुकलेलं नसतं, दुकानदाराचंही नाही. ज्याला हे ठाऊक नाही त्याला मात्र वाटतं, आपलाच लॅपटॉप फुटक्या नशिबाचा.

साताऱ्याहून, धागा काढणारी

सर, हे सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. १६३८४ हा आकडा मी एका मुलाने पाठवलेल्या फोटोत पाहिला होता आणि त्याचा अर्थ मला लागला नव्हता. उद्याच त्याला बोलावते.

अमरावती, एम.सी.ए.

ओरॅकल डेटाबेसचं इन्स्टॉलेशन फेल झालं नव्हतं, पण आमच्या अर्ध्या वर्गाला तसंच वाटलं होतं, म्हणून लिहितो. प्रात्यक्षिकाची वही ११जी या जुन्या आवृत्तीवर बेतलेली, लॅपटॉपवर २१सी एक्सप्रेस एडिशन. वहीतला पहिलाच क्रिएट यूजर दिला की ओआरए-६५०९६, 'इनव्हॅलिड कॉमन यूजर ऑर रोल नेम'. मुलं काढायची, परत टाकायची.

१२सी पासून ओरॅकलमध्ये एक मोठा कंटेनर असतो आणि त्याच्या आत जोडलेले डेटाबेस. सिस्टिम म्हणून आत गेलं की आपण बाहेरच्या कंटेनरमध्ये असतो, आणि तिथल्या यूजरचं नाव सी## नेच सुरू व्हावं लागतं. आल्टर सेशन सेट कंटेनर, बरोबरचं चिन्ह, एक्सईपीडीबी१ असं लिहून आतल्या डेटाबेसमध्ये जायचं आणि मग वहीतली आज्ञा जशीच्या तशी द्यायची. २३एआय फ्री टाकलं असेल तर आतल्याचं नाव फ्रीपीडीबी१. इंटरनेटवर 'ओरॅकल स्क्रिप्ट' नावाचं लपलेलं सेटिंग ट्रू करायला सांगणारे पुष्कळ भेटतील. तसं करू नका. त्याने एरर जातो, पण यूजर चुकीच्या जागी तयार होतो.

आणि मॅडम, वह्या बदलायला हव्यात. १२सी २०१३ सालचं आहे.

हिंजवडी

कंपनीच्या लॅपटॉपवर ॲडमिन हक्क नसतात, इन्स्टॉलर पहिल्याच पायरीला अडतो. पोस्टग्रेस इन्स्टॉलरशिवायही चालतो, हे फार कमी जणांना माहीत असतं. झिप फाइल मिळते. ती आपल्या फोल्डरमध्ये उलगडायची, इनिटडीबीने डेटाचं फोल्डर तयार करायचं, पीजी-सीटीएलने सुरू करायचं. सर्व्हिस लागत नाही, हक्क लागत नाहीत. ऑफिसच्या मशीनवर हे करण्याआधी आयटी विभागाला विचारा, नोकरीपेक्षा सराव मोठा नाही.

श्टुटगार्ट, जर्मनी

मॅकवाल्यांसाठी. ब्रू म्हणजे होमब्रू, मॅकवर सॉफ्टवेअर टाकायचं साधन. ब्रू सर्व्हिसेसमध्ये पोस्टग्रेससमोर 'एरर' दिसतं आणि पीएसक्यूएल म्हणतं सर्व्हर सुरू आहे का ते बघा. याची दोन कारणं मला भेटली, आणि दोन्ही लॉगमध्ये स्वच्छ लिहिलेली होती. ॲपल सिलिकॉनवर तो लॉग ऑप्ट, होमब्रू, व्हार, लॉग या वाटेवर असतो, जुन्या इंटेल मॅकवर यूएसआर, लोकलच्या आत.

पहिलं कारण : मॅक अचानक बंद पडला, आणि पोस्टमास्टर डॉट पीआयडी ही फाइल मागे राहिली. सर्व्हरला वाटतं, आपण आधीच चालू आहोत. खरंच कोणतीही पोस्टग्रेस प्रोसेस चालू नाही याची खात्री करूनच ती फाइल काढा. चालू सर्व्हरखालून ती काढली तर डेटा खराब होऊ शकतो.

दुसरं : ब्रूने सॉफ्टवेअर पुढच्या मुख्य आवृत्तीवर नेलं, डेटा मात्र जुन्याच आवृत्तीचा राहिला. लॉग म्हणतो, डेटा जुन्या आवृत्तीने तयार केला आहे, नव्या आवृत्तीशी जुळत नाही. डेटाचं फोल्डर उडवून मोकळं होण्याचा मोह होतो. त्याऐवजी जुनी आवृत्ती पुन्हा टाका, पीजी-डंपऑलने सगळं एका फाइलीत काढा, नव्या आवृत्तीत भरा. माझ्या आईच्या पाककृतींचा डेटाबेस असाच वाचला. तिने सांगितलेली प्रत्येक पाककृती मी त्यात टाकते.

कोल्हापूर, डिप्लोमा

मला उत्तर पाहिजे. पोस्टग्रेसची सर्व्हिस स्टार्ट होत नाही. लॉगमध्ये ५४३२ वर बाइंड करता आलं नाही, परमिशन डिनाइड, १००१३. नेटस्टॅटमध्ये ५४३२ वर कुणीच नाही. मागच्या महिन्यात चालत होतं. मधे फक्त डॉकर (सॉफ्टवेअर वेगळ्या कप्प्यात चालवायचं साधन) टाकलंय.

पुणे, पंधरा वर्षं डेटाबेसच्याच कामात

डॉकर टाकलंय हे लिहिलंत ते बरं केलंत. डॉकरसाठी विंडोजचं व्हर्च्युअलायझेशन सुरू होतं आणि ते पोर्टांचे गट स्वतःसाठी राखून ठेवतं. राखलेल्या पोर्टवर कुणी बसलेलं नसतं, म्हणून नेटस्टॅटला दिसत नाही. नेटएसएच इंटरफेस आयपीव्ही४ शो एक्सक्लुडेडपोर्टरेंज प्रोटोकॉल=टीसीपी चालवा. यादीत सुरुवात आणि शेवट असे दोन रकाने असतील. ५४३२ त्यातल्या कोणत्या गटात पडतो का, ते सांगा.

कोल्हापूर, डिप्लोमा

पडतोय! ५३४१ ते ५४४० असा एक गट आहे.

पुणे, पंधरा वर्षं डेटाबेसच्याच कामात

मग कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. नेट स्टॉप विननॅट (विननॅट ही त्या व्हर्च्युअलायझेशनची नेटवर्क सर्व्हिस). त्यानंतर नेटएसएच इंट आयपीव्ही४ ॲड एक्सक्लुडेडपोर्टरेंज प्रोटोकॉल=टीसीपी स्टार्टपोर्ट=५४३२ नंबरऑफपोर्ट्स=१. शेवटी नेट स्टार्ट विननॅट. मधली आज्ञा सोडू नका. नुसतं थांबवून सुरू केलंत तर आज चालेल, पण पुढच्या रीस्टार्टला विंडोज तोच गट पुन्हा धरू शकतं. आज्ञा दिल्यावर तीच यादी परत काढा, ५४३२ ची वेगळी ओळ तारांकनासह दिसायला हवी.

कोल्हापूर, डिप्लोमा

तारांकन आलं. सर्व्हिस रनिंग. जुने टेबलपण सगळे आहेत. रात्री लॅपटॉप बंद करून सकाळी परत बघतो आणि इथंच लिहितो.