कंदिलाखाली चेहरे काळे येतात त्याबद्दल
दिवाळीच्या शुभेच्छापत्रासाठी कंदिलाखाली फोटो काढला की कंदील पांढराफटक आणि चेहरे काळे येतात, अशी अनेकांची तक्रार असते. आमच्याकडेही तीन वर्षं हेच झालं. खरा उपाय वेळेचा आहे. सूर्य मावळल्यावर थोडा वेळ, साधारण १५-२० मिनिटं, आकाश निळं असतं. चेहऱ्यांवरही थोडा उजेड असतो, म्हणून तेव्हाच काढा, फ्लॅश बंद ठेवून. मोबाइल फराळाच्या डब्यांना टेकवून १० सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे काढणाराही फोटोत येतो (आमच्या जुन्या अल्बमांत बाबा जवळजवळ नाहीतच!). आजी-आजोबांच्या खुर्च्या मधोमध ठेवा. वाइड लेन्समध्ये कडेचे चेहरे ताणले जातात. छापायला देताना फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा. ५ बाय ७ इंचाच्या कार्डाला १५०० बाय २१०० पिक्सेल तरी हवेत.