४५४ चं ४९६ करण्याआधी पंपाचं गणित मांडा

दांडियाबाजारकर
काल इथे मामांनी भाच्याच्या बोटीबद्दल विचारलं, क्रँकचं काय करावं? बोट ॲरिझोनात, बर्कलीचा जेट पंप (पाणी मागे फेकून बोट ढकलणारा), शेवरोलेचं ४५४ घनइंची इंजिन उघडलेलं, क्रँकच्या जर्नलवर, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागावर, खोल ओरखडे. त्यावर सुरसागर यांचं उत्तर: "स्ट्रोकर क्रँक (पिस्टनची धाव, म्हणजे स्ट्रोक, वाढवणारा) टाका, ४९६ करा, पाण्यावर ताशी दहा मैल वाढतील." हे दहा मैल वाचून गप्प बसवत नाही.

अशा जेट बोटीला गिअरबॉक्स नसतो. इंजिन सरळ पंपाला जोडलेलं, एकास एक. पंपाला लागणारी शक्ती आरपीएमच्या घनाने वाढते. ४५४ चं ४९६ म्हणजे आकारमानात सव्वानऊ टक्के वाढ. शक्तीही तेवढीच वाढली असं धरा, तरी आरपीएम वाढणार तीन टक्के. पूर्ण थ्रॉटलला आज ४८०० दिसत असतील तर उद्या ४९४० दिसतील. साठला धावणारी बोट फार तर बासष्टला जाईल.

त्याआधी पंप उघडून बघा. इम्पेलरच्या, म्हणजे पंपातल्या फिरत्या चाकाच्या, कडा वाळूने गोल झाल्यात का? त्याभोवतीची वेअर रिंग झिजली असेल तर दाबाखालचं पाणी फटीतून मागे सक्शनकडे परततं, तिथे गेलेली शक्ती कुठलंही इंजिन भरून काढत नाही. रिंग आणि इम्पेलर क्रँकसेटच्या मानाने किरकोळ खर्चाचं काम आहे. आणि हेड्स ट्रकवाल्या ४५४ चे, लहान ओव्हल पोर्टचे (हवेची वाट अरुंद असलेले) असतील तर स्ट्रोक वाढवून टॉर्कचं शिखर कमी आरपीएमकडे सरकेल, वरच्या आरपीएमला हवाच पुरणार नाही.

सुरसागर
दहा मैल मागे घेतो. बाकी एक शब्द मागे घेत नाही.

क्रँक खराब आहे, म्हणजे बदलायचाच. नवा ४.०० इंची घ्या की ४.२५ इंची, किमतीत फारसा फरक नसतो. बोअर (सिलिंडरचा व्यास) साठ थाऊ, म्हणजे इंचाचे साठ हजारांश, वाढवायचा म्हणजे पिस्टनही नवेच येणार. मग जुन्याच स्ट्रोकला कवटाळून काय मिळतं? तुम्ही आरपीएमचा घन सांगितला, पण थ्रस्ट वर्गाने वाढतो, म्हणजे तीन टक्के आरपीएमला सहा टक्के थ्रस्ट. चार माणसं आणि भरलेली टाकी घेऊन बोट पाण्यावर उचलताना तो जाणवतो. बी मापाचा इम्पेलर काढून जास्त शक्ती घेणारा ए बसवला तर आरपीएम तिथेच ठेवून वाढीव शक्ती पंपात जाते.

तेवढीच शक्ती ४५४ मधून काढायची तर मोठा कॅम लागेल. ओव्हरलॅप (दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र उघडे असण्याचा काळ) वाढला की ओल्या, म्हणजे पाणी सोडून थंड केलेल्या, एक्झॉस्टमधलं पाणी उलटं सिलिंडरमध्ये खेचलं जातं. व्हॉल्व्ह सीट गंजतात, प्लगवर पाणी येतं. लांब स्ट्रोक आणि ११२-११४ अंश लोब सेपरेशनचा (कमी ओव्हरलॅपचा) शांत कॅम हाच बोटीसाठी शहाणा मार्ग.

मकरपुरा_ग्राइंडर
नवा क्रँक घ्याच कशाला? ओरखडे फार खोल नसतील तर ऑफसेट ग्राइंडिंग करा, म्हणजे जर्नल केंद्र सरकवून घासा. ४५४ चं रॉड जर्नल २.२०० इंच. ते २.१०० वर आणताना केंद्र पन्नास थाऊ बाहेर सरकवलं की स्ट्रोक ४.१०० होतो. रॉड स्मॉल ब्लॉकच्या (शेवरोलेच्या लहान इंजिनाच्या) मापाच्या बिग एंडचे घ्यायचे. असलं काम आपल्या बडोद्याच्या मकरपुऱ्यातसुद्धा होतं.

कलाभवन_मेक
होतं, आणि म्हणूनच भीती वाटते. जर्नल आणि वेबच्या (बाजूच्या भिंतीच्या) सांध्यातला फिलेट, म्हणजे गोलाई, हाच क्रँकचा जीव. ग्राइंडिंग व्हीलचा कोपरा रेडियसला ड्रेस न करता आत घातला की तिथे धारदार पायरी उरते आणि भेग तिथूनच सुरू होते. आपल्याकडच्या कितीतरी वर्कशॉपांत माप थाऊपर्यंत तपासतात, फिलेटला रेडियस गेज लावत नाहीत. ट्रॅक्टरच्या दोन हजार आरपीएमला ते खपून जातं. इथे पाच हजारावर पूर्ण थ्रॉटल, तोही बराच वेळ. शिवाय शंभर थाऊ काढल्यावर नायट्रायडिंगचा (भट्टीत पृष्ठभाग कडक करण्याचा) थर शिल्लकच राहत नाही, तो अगदी पातळ असतो. मॅग्नेटिक क्रॅक टेस्ट न करता असा सल्ला देणं बेजबाबदारपणा आहे.

मकरपुरा_ग्राइंडर
बेजबाबदार कोणाला म्हणता? टेस्ट करू नका असं मी लिहिलंय का? ग्राइंडिंगच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा क्रॅक टेस्ट, फिलेट ड्रेस करून, ऑइल होलच्या तोंडाला चॅम्फर, मग पुन्हा नायट्रायडिंग, आणि त्यानंतर व्ही-ब्लॉकवर फिरवून रनआउट (वाक) तपासायचा, कारण भट्टीतून क्रँक वाकून येऊ शकतो. नीट काम करणारे लोक या गावात आहेत. खुर्चीत बसून सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका.

कलाभवन_मेक
हा क्रम पहिल्याच उत्तरात असता तर मी एवढं लिहिलं नसतं. क्रम बरोबर आहे, मान्य. पण ही सगळी कामं जोडली की खर्च नव्या ४.२५ च्या जवळ जातो आणि हाती उरतो जुना, बारीक झालेला क्रँक. बोटीसाठी मी तो बसवू देणार नाही.

अजवा_रोड
फिलेटवरून रान उठवलंत, पण बॅलन्सिंगबद्दल अवाक्षर नाही. कारखान्याचं ४५४ बाहेरून बॅलन्स होतं: पुढचा डॅम्पर आणि मागचा फ्लायव्हील दोन्ही वजनाचे. बाजारातले बरेच स्ट्रोकर क्रँक आतून बॅलन्स होतात, त्यांना दोन्ही बिनवजनाचे लागतात. जेटमध्ये मागे फ्लेक्सप्लेट नाहीतर नुसता कपलर असतो. तो कुठल्या जातीचा हे न बघता जोडला तर इंजिन थरथरत चालतं आणि मेन बेअरिंग जातात.

दांडियाबाजारकर
क्रँक बदलायचाच असेल तर सुरसागर यांचं म्हणणं पटवून घ्यावं लागतं. माझा विरोध चांगला क्रँक फेकण्याला होता. पण मामा, ४.२५ घेतलात तर हे भाच्याला कळवा.

६.३८५ इंची रॉड घ्या. रॉडबोल्ट सिलिंडरच्या खालच्या कडेला आणि पॅन रेलला (ब्लॉकच्या तळाच्या काठाला) घासतात. बेअरिंग घालून हाताने फिरवत आठही जागा तपासा, साठ थाऊ मोकळं नसेल तिथे ब्लॉक घासा, मगच धुवा. विंडेज ट्रे (क्रँकखालचा तेल अडवणारा पत्रा) आणि ऑइल पिकअपही बघा. चेंबर तेच ठेवून स्ट्रोक वाढला की कॉम्प्रेशन चढतं, ९ चं पावणेदहा होतं, तेव्हा डिशचे (माथ्यावर खोलगट) पिस्टन मोजून मागवा.

रेव्ह लिमिटर हवाच. लाटेवर पंपात हवा शिरली की भार एका क्षणात जातो आणि इंजिन सुटतं.

सुरसागर
इंजिन थंड करणाऱ्या पाण्याचंही जोडा. पंपाचा दाब थेट ब्लॉकमध्ये सोडला तर गॅस्केट फुटते, मध्ये व्हॉल्व्ह लावून दाब कमी करा. इंजिन फार थंड चाललं तर पेट्रोल तेलात उतरतं. आणि मामा, आधी इम्पेलरवर ए, बी की सी काय कोरलंय आणि पूर्ण थ्रॉटलला आरपीएम किती मिळत होते, एवढं भाच्याकडून मागवा. ते आकडे आल्याशिवाय क्रँकची ऑर्डर देऊ नका.