पाळीव गावठी कोंबडी लंगडते आहे, घरी काय करता येईल?

प्रश्न (डिचोली)
आमच्याकडे दीड वर्षाची एक गावठी कोंबडी आहे, जिला घरातील मुलांनी पिल्लू असल्यापासून वाढवले. गेल्या काही दिवसांपासून ती उजवा पाय उचलून धरते आणि दोन-चार पावले टाकली की खाली बसते. ती दाणे खाते, पाणी पिते, पण इतर कोंबड्या तिला टोचून हाकलतात. शेजारी सांगतात की लंगडी कोंबडी बरी होत नाही, ती कापावी. आम्हाला ते मुळीच मान्य नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (वाळपई)
ताई, कोणतेही औषध देण्यापूर्वी तिचा तळवा नीट पाहावा. अंधार पडल्यावर कोंबडी शांत असते, तेव्हा तिला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घ्यावे. मात्र उताणी फार वेळ धरू नये, कारण त्या स्थितीत तिला श्वास घेणे जड जाते. पाय कोमट पाण्याने धुतल्यावर तळव्याच्या मध्यभागी काळी, घट्ट खपली आणि भोवती गरम सूज दिसली, तर तो बहुधा बंबलफूट असतो. लहानशा जखमेतून स्टॅफिलोकोकस हे जिवाणू आत शिरल्याने तो होतो. आपल्याकडे पावसाळ्यात अंगण सतत ओले राहते, खाली जांभ्याची टोकदार खडी असते आणि कोंबड्या उंच गडग्यावरून उड्या मारतात, त्यामुळे अशा जखमा सहज होतात. बोटांभोवती नायलॉनचा धागा आवळला आहे का, हेही पाहावे. जाळ्यांचे तुकडे पडलेले असतात तिथे हे घडते. पायावरचे खवले उचलले जाऊन पांढरट पापुद्रे दिसत असतील, तर ती बारीक किडींमुळे होणारी खरूज असते आणि पायांना रोज पेट्रोलियम जेली चोपडल्याने त्या किडी गुदमरून मरतात.
सूज थोडी असेल, तर एप्सम सॉल्ट घातलेल्या कोमट पाण्यात पाय दहा-पंधरा मिनिटे बुडवावा, पूर्ण कोरडा करून पोव्हिडोन आयोडीन लावावे आणि गॉझ ठेवून सैलसर पट्टी बांधावी. हे करताना हातमोजे घालावेत. आतला घट्ट पू घरी ब्लेडने कापून काढू नये. संसर्ग हाडापर्यंत गेला, तर पाय वाचवणे कठीण होते.

उत्तर (पेडणे)
तळवा स्वच्छ असूनही एक पाय पुढे व एक मागे असा ताणून ती पडून राहत असेल, तर मॅरेक रोगाचा विचार करावा लागतो. हा विषाणूजन्य रोग मुख्यतः तलंगांना, म्हणजे अजून अंडी न घालणाऱ्या कोवळ्या कोंबड्यांना होतो, त्यावर उपचार नाही, आणि लस पिल्लाला पहिल्याच दिवशी टोचतात. आपल्या कोंबडीचे वय पाहता त्याची शक्यता कमी वाटते. ती शेपटी खाली पाडून कुंथत असेल, तर अंडे अडकलेले असू शकते. तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. अंडी घालणाऱ्या कोंबडीला कॅल्शियम फार लागते. आपल्या स्वयंपाकघरांत तिसऱ्यांच्या शिंपल्यांची वाण नाही. त्या धुऊन, वाळवून, भरड कुटून वेगळ्या वाटीत ठेवाव्यात, म्हणजे तिला हवे तेवढे ती खाईल.

उत्तर (फोंडा)
तिला इतर कोंबड्यांपासून वेगळे ठेवावे, परंतु त्या तिला दिसत राहतील अशा जागी, कारण पूर्ण दूर ठेवल्यास परत कळपात मिसळताना मारामारी होते. खाली कोरडे गवत जाड पसरावे, दाणापाणी चोचीच्या टप्प्यात ठेवावे आणि झोपायची दांडी अगदी खाली आणावी. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत.

प्रश्नकर्ती (डिचोली)
आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री पाहिले, तळव्यावर काळी खपली आहे आणि भोवती सूज व ऊब जाणवते. पाय धुऊन, आयोडीन लावून बांधला आहे आणि उद्या सकाळी तिला सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेणार आहोत. तिची अंडी मुले खातात, तर उपचाराच्या काळात ती चालतील का?

उत्तर (फोंडा)
डॉक्टरांनी प्रतिजैविक दिले, तर किती दिवस अंडी वापरायची नाहीत, हे त्यांनाच विचारून लिहून घ्यावे. प्रत्येक औषधाचा कालावधी वेगळा असतो, आणि तोवरची अंडी टाकून द्यावीत.