बाळाचं नाव त्र्यंबक ठेवावं का? (‘आजोबांची नावं आजोबांनाच शोभतात’ला उत्तर)

कुलवृत्त
काल इथे एकाने ‘आजोबांची नावं आजोबांनाच शोभतात’ असं लिहिलं आणि खाली भराभर अंगठे पडले. त्यांचं म्हणणं तीन गोष्टींचं: त्र्यंबक, मोरेश्वर, सदाशिव, पांडुरंग अशा नावांमुळे पोराला शाळेत चिडवतात, परदेशात ती कुणाला उच्चारता येत नाहीत, आणि फॉर्मच्या चौकटीत मावत नाहीत. मला यातलं एकही पटलं नाही.

मावण्याचं आधी घेतो. रोमन लिपीत त्र्यंबकची अक्षरं होतात आठ. रुद्रांशची आठ, शिवांशचीही आठ. मग चौकट फक्त त्र्यंबकलाच कशी पुरत नाही?

चिडवण्याचं म्हणाल तर सहा वर्षांच्या मुलाला कुठलं नाव जुनं आणि कुठलं नवं हे ठाऊकच नसतं. यमक जुळलं की कुठल्याही नावाला चिडवतात. ‘म्हाताऱ्याचं नाव’ ही कल्पना घरातली मोठी माणसं त्याच्या कानावर घालतात.

आणि नातवाला आजोबांचं नाव देणं ही आपल्याकडची जुनी रीतच आहे. शहाजीराजांचे थोरले संभाजी आणि धाकटे शिवाजी. शिवरायांचे पुत्र पुन्हा संभाजी. त्यांच्या मुलाचं जन्मनाव पुन्हा शिवाजी, ज्यांना आपण शाहू म्हणतो. पेशव्यांकडे बाळाजी विश्वनाथ आणि नातू बाळाजी बाजीराव. नावं अशी फिरत राहायची. ही रीत मोडली ती हाकेमुळे. सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून पाळण्यात नाव नारायण आणि घरभर हाक बाळू, नाना, बापू. नाव उरलं कागदापुरतं, आणि कागदावरचं नाव पुढच्या पिढीला आपलं वाटत नाही. म्हणून जुनं नाव ठेवायचं असेल तर त्याच नावाने हाक मारा, नाहीतर ठेवूच नका.

नोंदवही
भावना ठीक आहे, पण चौकटीचा हिशोब तुम्ही अर्धवट केलात. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलाचं नाव शासकीय कागदांवर मुलाचं, आईचं, वडिलांचं आणि मग आडनाव असं लिहायचं आहे. समजा त्र्यंबक सुवर्णा ज्ञानेश्वर क्षीरसागर. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात. त्यातल्या पहिल्या ओळीत नावाला 39 जागा. आडनाव 10, मग दोन रिकाम्या खुणा, त्र्यंबक 8, एक खूण, सुवर्णा 7, एक खूण, ज्ञानेश्वर 11. बेरीज 40. शेवटचं अक्षर गळालं.

कुलवृत्त
मग दोष ज्ञानेश्वरचा, त्र्यंबकचा नाही! त्र्यंबकच्या जागी शिवांश घाला, बेरीज तेवढीच.

नोंदवही
अन्वित घातलं तर 37. पाच अक्षरांचं नाव निवडलं की प्रश्न मिटतो, एवढंच सांगतोय. शिवांशची बाजू मी घेतलीच नव्हती.

मेलबर्नकर
लांबीपेक्षा स्पेलिंगचा त्रास जास्त. त्र्यंबक रोमनमध्ये ‘टी-आर-वाय’ने लिहिलंत की इंग्रजी बोलणारा माणूस पहिली तीन अक्षरं ‘ट्राय’ अशीच वाचणार. ट्रायंबक. दवाखाना, शाळा, विमानतळ, सगळीकडे तेच. ‘टी-आर-आय-एम’ने लिहा, त्रिंबक. पहिल्या प्रयत्नात बरोबर वाचतात आणि एक अक्षरही कमी होतं, वरची बेरीज 39 वर येते. त्र्यंबकच ठेवायचं असेल तर निदान स्पेलिंग तरी वापरणाऱ्याच्या सोयीचं असू द्या.

कुलवृत्त
त्रिंबक हा अपभ्रंश आहे. ऋग्वेदातल्या सातव्या मंडलात ‘त्र्यंबकं यजामहे’ आहे, त्रिंबकं नाही. परदेशातल्या स्वागतकक्षात बसलेल्या माणसाच्या सोयीसाठी नावाचं मूळ रूप मोडायचं?

मेलबर्नकर
अपभ्रंश म्हणून कशाला हिणवता? डभईच्या लढाईत 1731 मध्ये पडलेले सेनापती त्रिंबकराव दाभाडे. दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे. या माणसांना त्यांच्या काळात कुणी अशुद्ध म्हणून हाक मारली नाही. मराठी तोंडात हे नाव शेकडो वर्षं त्रिंबक असंच आहे. परंपरा जपायचं म्हणता आणि मराठी परंपरा सोडून थेट वेदात जाता.

कुलवृत्त
दाभाड्यांचा दाखला बरोबर आहे, तो मला मान्य करावा लागेल. तरी देवनागरीत मी त्र्यंबकच लिहीन.

नोंदवही
लिहा की. देवनागरी आणि रोमन एकाच उच्चाराला बांधलेले नाहीत. आपल्याकडे जन्माचा दाखला मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत मिळतो. मराठीत त्र्यंबक आणि इंग्रजीत ‘आय’वालं रूप, यात काही गैर नाही. गैर एकच: दाखल्यात एक स्पेलिंग, आधारात दुसरं, शाळेत तिसरं. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, पासपोर्ट, वाहनपरवाना या सगळ्याला जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरतात. त्यामुळे पहिली चूक आयुष्यभर मागे लागते. आधारमध्ये नाव इंग्रजीत भरलं की मराठी रूप संगणक आपोआप तयार करतो आणि जोडाक्षर तिथेच बिघडतं. पडद्यावर दाखवतात तेव्हाच थांबवून दुरुस्त करून घ्या. आधारमध्ये नाव जन्मात दोनदाच बदलता येतं.

ज्ञानेश्वर, यज्ञेश, प्रज्ञेश यांचं तर वेगळंच. आपण ‘डी-एन-वाय’ लिहितो, कारण आपला ज्ञ तसा आहे. हिंदी प्रदेशात ‘जी-वाय’ लिहितात. फॉर्म भरणारा हिंदी भाषक असला की नाव बदलून येतं.

बालवाडी
सगळे कागदावरच बोलताय. ज्याला ते नाव वागवायचंय त्याचं काय? ‘र’ हा मुलांच्या तोंडात उशिरा बसणारा वर्ण आहे. काहींना चार-पाच वर्षं उलटली तरी नीट येत नाही. तीन व्यंजनांचं त्र्य तर फारच अवघड. मूल स्वतःला ‘त्यंबक’ किंवा ‘तंबक’ म्हणणार आणि मोठी माणसं हसणार. लिहायच्या वेळीही तेच. मुलं सगळ्यांत आधी स्वतःचं नाव लिहायला शिकतात, आणि बाराखडी व्हायच्या आधी पहिल्याच अक्षराला तीन व्यंजनं! सदाशिव, माधव, वामन, गणपत ही नावंही तेवढीच जुनी आहेत, आणि त्यांत एकही जोडाक्षर नाही. जुनं नाव द्या, पण मुलाच्या जिभेचा विचार करून द्या. कुलवृत्त, ‘चिडवतात ते मोठ्यांमुळे’ म्हणालात ते खरं आहे. मोठे हसतात, म्हणूनच हे सांगतेय.

भीमातीर
इतका वेळ वाचतोय. ‘जुनी नावं’ म्हणून यादी दिलीत त्यात त्र्यंबक, मोरेश्वर, सदाशिव. खंडू, म्हादू, बिरू, जोतिबा, सटवाजी कुठे गेले? ती नावं जुनी नाहीत का? तुमच्या घरातलं जुनं तेवढं परंपरा.

कोरेगाव भीमाच्या स्तंभावर 1818 च्या लढाईत पडलेल्यांची नावं वाचा. कितीतरी ‘नाक’ने संपतात, महार पुरुषांच्या नावामागे लागायचं ते. ती पुन्हा ठेवा असं आमच्यात कुणी म्हणत नाही. 1956 च्या धर्मांतरानंतर आमच्या वस्त्यांत सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, गौतम ही नावं विचार करून ठेवली गेली. बाबासाहेबांनी काढलेल्या कॉलेजांचीही नावं तीच: मुंबईत 1946 मध्ये सिद्धार्थ, औरंगाबादला 1950 मध्ये मिलिंद. आजोबांचं नाव सोडणं ही आमच्यासाठी सुटका होती. त्याला परंपरा मोडणं म्हणू नका.

कुलवृत्त
मी जातीचा शब्दही काढला नव्हता. आणि धोंडू, दगडू ही नावं एकाच समाजाची नाहीत. महर्षी कर्व्यांचं नाव धोंडो. मुलं जगत नसत तेव्हा दृष्ट लागू नये, मृत्यूने दुर्लक्ष करावं म्हणून दगड, धोंडा, केर, भीक अशी नावं सगळ्याच समाजांत ठेवत. उगाच वळण देऊ नका.

भीमातीर
जातीचा शब्द काढला नाहीत, कारण तुम्हाला काढावा लागत नाही. मूल जगावं म्हणून आईबापांनी धोंडो ठेवलं, ते समजतं. पण धोंडोचे धोंडोपंत कुणाचे झाले आणि धोंड्या कुणाचा राहिला? कागदावर एकच नाव आणि हाक दोन तऱ्हेची. पहिल्या पोस्टमध्ये तुम्हीच म्हणालात, नाव हाकेत जगतं. मग तो नियम इथेही लावा.

कुलवृत्त
हाकेबद्दलचं म्हणणं तुम्ही माझ्यावरच उलटवलंत, आणि ते चुकीचं आहे असं मला म्हणता येत नाही. यादीत जोतिबा आणि खंडेराव असायला हवे होते, हेही खरं. पण म्हणून त्र्यंबक ठेवणारा प्रत्येक जण मिरवायलाच ठेवतो, हे मी मान्य करणार नाही.

भीमातीर
तसं मी म्हणालोही नाही. मल्हार बघा. खंडोबाचं नाव, धनगरवाड्यापासून होळकरांपर्यंतचं, आज सगळ्या समाजांत ठेवतात आणि कुणी नाक मुरडत नाही. तसं जोतिबाचं होऊ दे, मग बोलू.

पंचांगवाला
विषय नावाचा आहे म्हणून सांगतो. बारशाला ताटातल्या तांदळावर सोन्याच्या अंगठीने चार नावं लिहायची पद्धत आहे: देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यवहारनाम. लोक फक्त नाक्षत्रनामासाठी अडून बसतात. 27 नक्षत्रांचे चार-चार चरण म्हणजे 108 अक्षरं. हस्ताच्या तिसऱ्या चरणाला ‘ण’ येतं, आर्द्रेच्या तिसऱ्याला ‘ङ’. त्यावरून नाव सापडत नाही आणि मग काहीतरी बनवतात. मासनामं मात्र तयारच आहेत. मार्गशीर्षापासून मोजा: कृष्ण, अनंत, अच्युत, चक्री, वैकुंठ, जनार्दन, उपेंद्र, यज्ञपुरुष, वासुदेव, हरी, योगीश, पुंडरीकाक्ष. माघात जन्मला तर अच्युत, श्रावणात वासुदेव. चक्री आणि यज्ञपुरुष आज चालणार नाहीत, पण बाकी बहुतेक सुंदर आहेत आणि वर्गात दुसरा सापडायचा नाही. त्र्यंबकच हवं असेल तर ‘त’ने स्वातीचा चौथा चरण जुळतो. पण व्यवहारनाम नक्षत्राला बांधलेलं नाही.

बालवाडी
अच्युत चांगलं आहे. जोडाक्षर आहे, पण ‘च्यु’ मुलांना जमतं.

मेलबर्नकर
इथल्यांना अच्युतही जमणार नाही, पण चुकीचं वाचलं तरी ओळखू येतं. चालेल.

आठवा_महिना
आमचं अजून ठरत नाहीये. घरात दोन तट आहेत. सासूबाईंना त्र्यंबक हवंय, नवऱ्याला नकोय. नोंदणीला 21 दिवसच असतात ना? तोवर ठरलं नाही तर?

नोंदवही
ताई, 21 दिवस जन्माच्या नोंदीसाठी आहेत, नावासाठी नाहीत. नावाचा रकाना कोरा ठेवून नोंद होते. पुढे 12 महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून. रुग्णालयात फॉर्म भरताना घाईने कुणीतरी तात्पुरतं नाव लिहितं, ते तेवढं होऊ देऊ नका. एकदा चढलेलं नाव बदलणं हे कोरा रकाना भरण्यापेक्षा फार कटकटीचं आहे. नाव ठरलं की मराठी आणि इंग्रजी दोन्ही रूपं एका कागदावर ठळक लिहून अर्जाला जोडा. त्र्यंबक ठरलंच तर टंकताना त, पाय मोडा, र, पाय मोडा, य, वर अनुस्वार, ब, क. दुसऱ्यांदा पाय मोडायचा राहिला की ‘त्रयंबक’ छापून येतं, आणि ही चूक सगळ्यांत जास्त होते. सही करण्याआधी छापील प्रत मागून तेच अक्षर बघा.

कुलवृत्त
आणि सासूबाईंना विचारा, त्या स्वतः त्र्यंबक म्हणून हाक मारतील का. सासऱ्यांचं नाव असेल तर हे आधीच विचारा.

आठवा_महिना
सासऱ्यांचंच आहे. आज विचारते.