दोन दिवसांची रत्नागिरी, विजेच्या गाडीने: जमतं की नुसती हौस?

आडवाटे (ठाणे)
शनिवार-रविवार जोडून कोकणात जायचं आणि गाडी विजेवरची असेल, तर मुक्काम सरळ रत्नागिरी शहरात करावा, असं माझं मत आहे. वेळास, आंजर्ले, वेळणेश्वर ही नावं काढली की माणूस हळवा होतो हे मान्य, पण ती चार दिवसांची कामं. दोन दिवसांसाठी तिथे जाऊन प्लग शोधत फिरण्यापेक्षा शहर बरं.

हिशेब असा. आमची गाडी ४०.५ युनिटच्या बॅटरीची. कागदावर ४६५ किलोमीटर. चार माणसं, एसी, सामान आणि हायवेचा वेग धरला की पावणेतीनशे. ठाण्याहून रत्नागिरी साधारण ३३०. म्हणजे वाटेत एकदा थांबणं आलंच. खेड-चिपळूणच्या दरम्यान जेवायला उतरायचं, गाडी फास्ट चार्जरला लावायची आणि ८० टक्क्यांना काढायची. (त्यापुढे चार्जिंग आपोआप मंदावतं. शंभर होईपर्यंत अडून बसणारा स्वतःचाही वेळ घालवतो आणि मागच्याचाही.)

एकदा शहरात पोचलात की गाडीला फारसं काम उरत नाही. थिबा राजवाडा, टिळकांचं जन्मस्थान, पतितपावन मंदिर, रत्नदुर्ग, मांडवी, भाट्ये, सगळं हाताशी. रविवारी सकाळी आरे-वारेवरून गणपतीपुळे करून आलात तरी पन्नासेक किलोमीटर. शनिवारी रात्रभर पंधरा अँपियरच्या सॉकेटला लावली की सकाळी बॅटरी भरलेली.

खर्चाचं म्हणाल तर जायला ५० युनिट. सगळे बाहेरच्या चार्जरवर वीस-पंचवीस रुपयांनी घेतले तरी हजार-सव्वा हजार. पेट्रोलचे बावीसशेच्या वर जातात.

आता तुटून पडा.

कुवारबाव एक्सप्रेस
तुटून पडतो. ४८ तासांपैकी १६ तास स्टिअरिंगमागे घालवायचे आणि त्याला सुट्टी म्हणायचं? सकाळच्या वंदे भारतमध्ये बसा, जेवणाच्या आधी रत्नागिरी. स्टेशन कुवारबावला आहे, बाहेर पडलात की रिक्षा. तुम्हीच म्हणताय ना की शहरात गाडीला काम नसतं? मग ती ३३० किलोमीटर ओढत नेता कशाला?

आणि विजेचीच हौस असेल तर कोकण रेल्वे २०२२ पासून रोह्यापासून ठोकूरपर्यंत पूर्ण विजेवर धावते. चार्जिंगला थांबत नाही.

आडवाटे (ठाणे)
तिकीट मिळालं तर! आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि सुट्टीच्या तारखांचं लगेच संपतं. आमचं ‘या शनिवारी जाऊया का’ हे गुरुवारी रात्री ठरतं. शिवाय आई बरोबर असते. तिला गुडघ्यांमुळे रिक्षात चढ-उतर होत नाही.

कुवारबाव एक्सप्रेस
आईंचा मुद्दा मान्य. गुरुवारी ठरवण्याचा नाही. तो तुमचा दोष, रेल्वेचा नव्हे.

रांगेतला (पुणे)
मी विजेची गाडी चालवतो आणि तरीही मूळ पोस्टच्या विरोधात आहे. रेंजवर सगळे बोलतात, रांगेवर कोणी बोलत नाही. तुमचा हिशेब एरवीच्या मंगळवारी बरोबर. जोडून सुट्टी आली की चार्जरच्या एका गनपुढे तीन गाड्या. प्रत्येकी पाऊण तास धरा, म्हणजे तुमचा नंबर लागेपर्यंत सव्वादोन तास, पुढे स्वतःचा पाऊण. घावण खाऊन झाले, कोकम सरबत झालं, पोरं मोबाइलला चिकटली, बायकोने दोनदा ‘आपली जुनी गाडी बरी होती’ म्हटलं, तरी आपण तिथेच.

दुसरं, अ‍ॅप. नाव घेत नाही, पण हायवेवरच्या एका हॉटेलच्या आवारातला चार्जर अ‍ॅपमध्ये हिरवा दिसत होता. तिथे गेलो तर पडद्यावर एररचा आकडा आणि गनवर कोळ्याचं जाळं. वॉचमन म्हणाला, ‘साहेब, गणपतीपासून बंद आहे.’ बॅटरीत १८ टक्के. पुढचा चार्जर गाठेपर्यंत एसी बंद, काचा खाली, तोंडातून शब्द नाही.

पेट्रोल पंप बंद असेल तर दुसरा दहा मिनिटांवर असतो. इथे तसं नाही.

आडवाटे (ठाणे)
म्हणूनच २० टक्क्यांच्या खाली जायच्या आधी थांबायचं आणि मनात दुसरा चार्जर धरून ठेवायचा. बाकी कोंडीचं म्हणाल, तर माणगाव-इंदापूरला तासभर अडकलं तरी गाडी एसीपुरती युनिट-दीड युनिट खाते. पेट्रोलवाल्याचं इंजिन तिथे नुसतं धूर काढत असतं.

रांगेतला (पुणे)
मनात दुसरा चार्जर धरायचा, म्हणजे सहल कमी आणि लढाईचा नकाशा जास्त.

पोफळी (चिपळूण)
पुण्याची मंडळी कुंभार्लीने उतरतात आणि खाली येऊन सांगतात, ‘घाटात गाडी फुकट चार्ज झाली.’ ते एकदा मिटवून टाकू.

माणसं-सामानासह गाडी अठराशे किलो धरा, उतार साडेपाचशे मीटर. वजन गुणिले उंची केलं की सगळी मिळून पावणेतीन युनिट होतात. त्यातली मोटरमधून बॅटरीत परत येतात ती फार तर दोन. म्हणजे बारा-चौदा किलोमीटर. आमच्याकडे कोयनेचं पाणी असंच वरून खाली येऊन पोफळीला वीज देतं, पण तिथे अख्खं धरण आहे, तुमच्याकडे एक गाडी.

आणि परत जाताना तेच पावणेतीन युनिट वर चढायला जास्तीचे लागतात, वर थोडी गळती. चिपळूणहून निघताना पडद्यावर दिसणारे किलोमीटर पाटणपर्यंत तसेच राहतील असं समजू नका. उतारावर ब्रेक कमी तापतात हा मात्र खरा फायदा. पावसाळ्यात कुंभार्लीला तो लाखमोलाचा.

तिखला (मालवण)
गाडी चार्ज होईसर बांगड्याचा तिखला नि भात जेवान जाता. इतकी घाई कित्याक?

रांगेतला (पुणे)
भाऊ, तुमच्याकडे पोचायला अजून दोन चार्ज लागतात.

भाट्यापलीकडची
एवढी पुरुष मंडळी बोलली, पण ज्यांच्या भिंतीतली वीज घेणार त्यांना कोणी विचारलं नाही. भाट्याच्या पुलापलीकडे आमच्या चार खोल्या आहेत, पाहुणे येतात. मूळ पोस्टमध्ये ‘रात्रभर पंधरा अँपियरच्या सॉकेटला लावली की’ असं एका ओळीत लिहून मोकळे झालात. ती ओळ आमच्या घरात कशी दिसते ते सांगते.

पाहुणे रात्री नऊला आले. माशांचं जेवण झालं. मी भांडी आवरून बाहेर येते तो खिडकीतून वायर बाहेर गेलेली. बाथरूमच्या गिझरच्या सॉकेटला एक्स्टेंशन बोर्ड, बोर्डाला चार्जर, चार्जर गाडीला. विचारलं नाही, सांगितलं नाही. पहाटे जळका वास आला म्हणून उठले, तर बोर्डाचं प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलेलं आणि पिना काळ्या. गिझर पंधरा मिनिटं चालतो हो. गाडी आठ-नऊ तास तेवढाच करंट खेचते. स्वस्तातला बोर्ड ते कसं सोसेल?

दुसरं बिल. एका रात्रीला २५-३० युनिट. आमच्या अख्ख्या घराला तेवढी वीज चार-पाच दिवस पुरते. महावितरणचा घरगुती दर १०० युनिटच्या वर चढतो, ३०० च्या वर आणखी चढतो. महिन्यात चार गाड्या लागल्या की शंभरावर युनिट वाढले, आणि ते सगळे वरच्या दराने. पाहुणे जाताना म्हणतात, ‘काकू, किती झाले विजेचे? पन्नास ठेवू?’

तिसरं, मे महिना. संध्याकाळी सगळ्या वाडीचे पंप सुरू झाले की आधीच दिवे पिवळे पडतात. त्यात गाडी लावली तर आमचा पंप पाणीच उचलत नाही.

विजेच्या गाड्या वाईट असं मी म्हणत नाही. वास येत नाही, आवाज नाही, अंगणात तेल गळत नाही. पण खोली घेताना एसी आहे का, मासे ताजे आहेत का, इतकं विचारता, तर सॉकेटचंही विचारा.

आडवाटे (ठाणे)
काकू, तुमचा अनुभव वाचून उलट माझंच म्हणणं घट्ट झालं. घरगुती मीटरवर गाडी लावूच नये. शहरातल्या मोठ्या हॉटेलात स्वतंत्र लाइन असते, तिथेच राहावं.

भाट्यापलीकडची
म्हणजे आमच्याकडचा पाहुणा हॉटेलात पाठवायचा? वा! मी सोय करू नका असं म्हटलेलं नाही, विचारून करा म्हटलं.

जांभा
इलेक्ट्रिकलचं काम करतो म्हणून थोडं. काकूंच्या घरी गाडी सुरक्षित लावायची तर तीन गोष्टी लागतील: मेन बोर्डापासून वेगळी चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, तिला स्वतःचा एमसीबी (करंट जास्त झाला की वीज तोडतो तो) आणि आरसीसीबी (करंट गळायला लागला की तोडतो तो), आणि एक इंडस्ट्रियल सॉकेट. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नाही.

पण आपल्याकडची खरी अडचण अर्थिंग. बऱ्याच गाड्यांचा चार्जर अर्थिंग ठीक नसेल तर लाल दिवा दाखवतो आणि चार्जिंग सुरूच करत नाही. पाहुणा म्हणतो, ‘तुमच्याकडे वीजच नाही.’ वीज असते. अर्थिंगचा खड्डा असतो कातळात. जांभा दगड पावसात भिजलेला असतो तोवर बरा चालतो. फेब्रुवारीनंतर तो कोरडाठाक होतो आणि करंट जमिनीत जायला वाटच राहत नाही. खड्डा खोल घ्यायचा, कोळसा आणि मीठ भरायचं, आणि उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतत राहायचं. माझ्या गिऱ्हाइकांपैकी एका घरी तुळशीचं पाणी सांडून अर्थिंगच्या खड्ड्यात जाईल अशी चर काढून दिली. रोज सकाळी आजी पूजा करतात, अर्थिंग आपोआप ओलं.

हॉटेलात स्वतंत्र लाइन असते असं आडवाटे म्हणतात, तेही सरसकट खरं नाही. पार्किंगमध्ये एक सॉकेट असतो आणि त्यावर कपडे धुण्याचं मशीन.

मोजूनमापून
काकूंनी युनिटमागे पैसे घेतले तर ती वीजविक्री होईल ना? परवाना नसताना चालेल का?

जांभा
गाडी चार्ज करून देणं ही सेवा आहे, वीजविक्री नाही, त्याला परवाना लागत नाही, असं केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केलंय. मात्र धंदा म्हणून करायचं तर महावितरणकडून वेगळं जोडणी-मीटर घ्यावं. घरगुती मीटरवरून दुकान चालवलं तर तो वेगळा घोळ. सुरुवातीला निदान एक साधा सबमीटर लावा, म्हणजे किती युनिट गेले यावर वाद नको.

खाडीकाठ (जयगड)
स्वच्छ गाडी, हिरवी सहल वगैरे वाचून हसू येतं. गणपतीपुळ्याहून जरा पुढे आमच्याकडे या. १,२०० मेगावॅटचा प्रकल्प आहे, बाहेरून जहाजाने आलेल्या कोळशावर चालतो. तुमच्या गाडीचा धूर बंद झाला नाही, फक्त आमच्या बाजूला आला.

पोफळी (चिपळूण)
अर्धं खरं. ग्रिडमध्ये कोयनाही आहे, वारा आणि सौरही आहे. शिवाय पेट्रोलच्या इंजिनात बरीचशी ऊर्जा उष्णता होऊनच वाया जाते, तिथे मोटर फार पुढे आहे. कोळशाची वीज धरूनही हिशेब विजेच्याच बाजूने येतो.

खाडीकाठ (जयगड)
हिशेब येत असेल. राख कोणाच्या छपरावर पडते त्याचं बोला. आणि आरे-वारेच्या वळणावर रविवारी गाड्यांची जी रांग लागते, ती विजेची असली तरी तेवढीच लांब असते. अर्धा रस्ता अडवून सेल्फी काढणाऱ्याची गाडी कशावर चालते, याने आम्हाला फरक पडत नाही.

कुवारबाव एक्सप्रेस
म्हणून म्हणतो, रेल्वेने या. कोकण रेल्वेने २०२५ च्या गणपतीत कोलाड ते गोव्यातलं वेर्णा अशी गाड्या रेल्वेवर चढवून न्यायची सोयही सुरू केली होती, एका गाडीला ७,८७५ रुपये.

रांगेतला (पुणे)
त्या पैशात मी पेट्रोलच्या गाडीने जाऊन, मासे खाऊन, आंब्याची पेटी घेऊन परत येतो.

आडवाटे (ठाणे)
ती गोव्याला जाणाऱ्यांची सोय, रत्नागिरीकराच्या काय कामाची! असो. काकू, एक विचारतो. जांभा म्हणतात तशी वेगळी लाइन आणि सबमीटर तुमच्याकडे झाला, तर युनिटला किती घ्याल? मी वीस रुपयांपर्यंत आनंदाने देईन. बाहेरच्या चार्जरलाही तेवढे लागतातच, इथे झोपेत काम होतं.

भाट्यापलीकडची
लाइन टाकून घेतली गेल्या महिन्यात, मुलगा मागेच लागला होता. सबमीटरपण आहे. पंधरा घेते, वीस नको. पण गाडी रात्री दहानंतर लावायची, आधी नाही, आणि सकाळी सहाला वायर काढायची. सहाला बागेचा पंप लागतो. शनिवारी येणार असाल तर मागची खोली रिकामी आहे. आईंना पायऱ्या नकोत ना, ती खोली अंगणाला लागूनच आहे.