शब्दचर्चा: 'नळी टाकली' म्हणजे कोणती नळी?

सिडको, नाशिक: पक्षाघातानंतर वडिलांना पाणीही नीट गिळता येत नाही, न्यूमोनियाही होऊन गेला. डॉक्टर 'ॲस्पिरेशन' म्हणतात, आई 'ठसका' म्हणते, काका म्हणतात घास 'अडकतो'. आता नळीचं बोलणं निघालंय. सगळं एकच का?

उत्तर: एकच नाही. द्राक्ष घशात अडकून श्वास कोंडतो, ते गुदमरणं. अन्न, पाणी किंवा लाळ स्वरयंत्राखाली श्वासनलिकेत उतरते, ते ॲस्पिरेशन. ठसका म्हणजे ते बाहेर फेकायची शरीराची धडपड. तो मिसळीच्या तर्रीनेही लागतो. पक्षाघातात घशाची संवेदना बोथट झाली तर पाणी आत जाऊनही ठसका येत नाही. त्यामुळे 'हल्ली ठसका लागत नाही' यावर आईंनी निर्धास्त राहू नये. आणि सवयीने 'वर बघा' म्हणू नका; मान मागे गेली की श्वासाची वाट आणखी उघडी पडते.

खरा घोळ 'नळी'चा. नाकातून जठरात जाते ती राइल्स ट्यूब. पोटाला छिद्र पाडून जठरात बसवतात ती पेग. एंडोस्कोपीने ती बसवायची पद्धत १९८०ची. दोन्हींनी पोट भरतं, पण लाळ श्वासनलिकेत जायची थांबत नाही. गळ्याला छिद्र पाडून थेट श्वासनलिकेत बसवतात ती ट्रॅकिओस्टॉमीची नळी; ती श्वासासाठी आणि कफ ओढून काढण्यासाठी. तिनेही ॲस्पिरेशन थांबत नाही.

पंचवटी: मावशीच्या बाबतीत 'नळी वेगळी करू' म्हणालेत. तिची लाळसुद्धा आत जाते.

उत्तर: ही बाहेरून घातलेली नळी नव्हे, तिची स्वतःची श्वासनलिका. ती कापून खालचं टोक गळ्यावरच्या छिद्राला जोडतात. वरचं शिवून बंद करतात किंवा अन्ननलिकेला जोडतात. लिंडमन यांनी १९७५ साली मांडलेली शस्त्रक्रिया. फुप्फुसं वाचतात, पण आवाज जातो. 'वेगळी करू' हे शब्द त्या मानाने फारच मवाळ आहेत. मावशीला समजत असेल तर सहीआधी 'तुला बोलता येणार नाही' हे तिला स्पष्ट सांगायलाच हवं. नळी पुन्हा जोडता येते, पण तशी वेळ क्वचित येते. स्वरयंत्रच काढलं तर परतीची वाट नाही.

आवाज राखणारे उपायही विचारा. एक स्वरतंतू लुळा असेल तर त्याला मध्याकडे सरकवणारी थायरोप्लास्टी. अन्ननलिकेच्या तोंडाचा स्नायू सैल पडत नसेल तर तो छेदणारी मायोटॉमी. यातलं काही चालेल का, हे नाकातून दुर्बीण घालून किंवा गिळतानाचा एक्स-रे व्हिडिओ काढून तपासतात.