३१ डिसेंबरपेक्षा गॅदरिंगचा आठवडा बरा
दहावीच्या जुन्या बॅचने रियुनियनसाठी ३१ डिसेंबरला लोणावळ्यात रिसॉर्टवर भेटायचं, असं या चर्चेत दोघातिघांनी सुचवलंय. मला नाही पटत. त्या रात्री भाडी अव्वाच्या सव्वा, घाटात गाड्यांची रांग, आणि ऐंशीच्या घरातल्या सर-बाईंना तिथवर नेणार कोण?

त्यापेक्षा नाताळच्या सुमारास, गॅदरिंगच्या आठवड्यात शाळेतच जमा. मराठी शाळांची मोठी सुट्टी दिवाळीतच होऊन जाते, नाताळात शाळा बहुधा चालूच असते. स्नेहसंमेलनाचा मांडव, माइक, खुर्च्या आयत्या मिळतात. परदेशातली मंडळीही नेमकी तेव्हाच घरी येतात. हेडबाईंना मात्र दिवाळीआधीच गाठा.

आमच्याकडे १९७५ वाले असेच जमले होते. १९७५ साली शालान्त परीक्षा अकरावीऐवजी दहावीला आली, म्हणून जुनी अकरावी आणि नवी दहावी एकदमच बाहेर पडली, त्यामुळे सीनियर कोण हा वाद अजून मिटलेला नाही! शिपाईमामांनी टोल दिला तशी पासष्टी ओलांडलेली माणसं मफलर-कानटोपीसकट मुकाट रांगेत उभी राहिली. उंचीप्रमाणे, बरं का.

आणि जेवणाला बुफे नको. सरांना ताट धरून उभं राहणं जमत नाही, पंगतच मांडा.